कुंकू लावलेला कूलर

“कूलरले हात लावतानी पायात चप्पल घालत जाय बरं, बाई,” सिंधूकाकू म्हणाल्या आणि मी हसले.

हमाल नवा कूलर जिन्यावरून चढवून, खिडकीशी ठेवून गेले न गेले तोच काकू हळदकुंकवाची कोयरी घेऊन वर आल्या होत्या. त्या आमच्या घरमालकीण. खाली त्या एकट्या, वर आम्ही तिघं: मी, निशांत आणि दहा महिन्यांची ईरा. काकूंनी कुंकवात तेलाचे थेंब घातले आणि कूलरच्या निळ्या पत्र्यावर, डाव्या अंगाला, चांगलं तळहाताएवढं स्वस्तिक काढलं. त्यावर हळदीची बोटं टेकवून हात जोडले.

“नव्या वस्तूले नागवं ठेवू नाही. आता हा तुह्या घरचा झाला. अन् सांगितलं ते ध्यानात ठेव. चप्पल.”

“घरात चप्पल? आणि हे तुम्ही सांगताय?”

कारण आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीपुढे चप्पल आलेली काकूंना खपत नसे.

“घरातली येगळी ठेवायची, रबराची. लोखंडाची वस्तू आहे बाप्पा, थोडा करंट राह्यतेच.”

मी वाईची. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे दुपारी पंखा आणि संध्याकाळी गच्ची. लग्न होऊन अकोल्यात आले, पण पहिला उन्हाळा बाळंतपणासाठी माहेरी गेला, त्यामुळे इथला मे महिना म्हणजे काय ते मला आताच कळत होतं. काकू रोज निशांतच्या खिशात कांदा घालायच्या, ऊन लागू नये म्हणून. ईराच्या टाळूवर मेंदी थापायच्या. त्या कांद्याच्या आणि मेंदीच्या शेजारीच मी ही चप्पल ठेवून दिली. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं.

खरं तर मी हसण्यातली नव्हते. ईरा झाल्यापासून मला झोपेतही तिचा श्वास ऐकू यायचा, आणि नाही आला तर मी नाकाशी बोट धरून बसायचे. टेबलाच्या कोपऱ्यांना मी कापडाच्या घड्या बांधल्या होत्या. भोकांत बोट जाऊ नये म्हणून सगळ्या सॉकेटांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. निशांत म्हणायचा, “केतकी, तू आई नाहीस गं, वॉचमन आहेस. शिट्टी तेवढी आणायची राहिली.”

तर त्या वॉचमनला ही गोष्ट दिसली नव्हती.

कूलर आल्यावर आठवडाभर आम्ही राजासारखे झोपलो. मग एका सकाळी मी फरशी पुसून घेतली, बादली उचलली आणि टाकीत पाणी ओतायला गेले. पाय ओले, हात ओले. डाव्या हातानं टाकीची कड धरली, आणि बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग सरसरत गेली. हात आपोआप मागे आला. बादली कलंडली. मला वाटलं, हात अवघडला असेल. पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा मुंग्या, या वेळी दंडापर्यंत.

तेवढ्यात मागून “त्ता, त्ता” असा आवाज आला. ईरा ओल्या फरशीवरून चपाचप हात मारत कूलरकडेच येत होती. त्या दिवसांत तिला नवीन कला आली होती. दिसेल ती वस्तू धरायची, उभं राहायचं आणि उभं राहिल्याबद्दल स्वतःच टाळ्या पिटायच्या.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं की आधी तिला उचललं, ते आता आठवत नाही. तिला छातीशी धरून मी जिन्यात उभी होते एवढं आठवतं. माझा आवाज ऐकून काकू खालून वर बघत होत्या.

“काय झालं वो?”

“काकू, कूलरला करंट येतोय!”

“मंग?” काकूंना हायसं वाटल्यासारखं दिसलं. “मले वाटलं पोट्टी पडली. तुले म्हटलं नव्हतं, चप्पल घालत जाय?”

“काकू, ती रांगते. तिला चप्पल कशी घालू? आणि हातांत काय घालू?”

काकू दोन पायऱ्या वर आल्या. मग ईराकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या घरात सगळे चप्पल घालून कूलरला हात लावत आले होते, आणि रांगणारी पोरं नशिबानं वाढली होती.

निशांत संध्याकाळी बँकेतून आला. तो याच मातीतला. त्याला सांगितलं तर म्हणाला, “अगं, थोडा येतोच. आम्ही लहानपणी पैज लावायचो, कोण जास्त वेळ हात ठेवतो. मी नेहमी जिंकायचो.”

“मुलीला शिकवणार आहेस ती पैज?”

त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, “कूलरवाले मधुभाऊ परत घेणार नाहीत. अकोल्यात कूलर परत केलेला मी तरी ऐकलेला नाही. तुला भांडायचंच असेल तर सांग, सुट्टी टाकतो.”

“सुट्टी नको. मालवाहू रिक्षा सांग फक्त.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलर रिक्षात, मी पुढे रिक्षावाल्याशेजारी, ईरा मांडीवर, अशी आमची वरात मधुभाऊंच्या दुकानापुढे थांबली. मधुभाऊ स्वतःच कूलर बनवायचे. पुढे दुकान, मध्ये पडदा आणि पडद्यामागे घर. गल्ल्यावरच पाटी: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मधुभाऊ टेबलामागे बसून कूलरच्या बाजूंना लागणाऱ्या ताट्यांत गवत भरत होते. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, चेहऱ्यानं सज्जन माणूस. मला बघून उठले.

“काय ताई, दुसरा पायजे का?”

“हाच बदलून पाहिजे. याला करंट येतो.”

“येते ना. लोखंडाचा आहे.” असं म्हणाले की जणू मी पाणी ओलं असल्याची तक्रार घेऊन आले होते. “चप्पल घालत जा.”

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. एक बाई हसली. मी म्हटलं, “मधुभाऊ, माझी मुलगी रांगते. हा कूलर खराब आहे. बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा.”

त्यांनी बोलायचे कष्टही घेतले नाहीत, पाटीकडे बोट केलं.

“ती पाटी लावली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही,” मी म्हटलं. शब्द पाठ होते. रात्रभर पाठच केले होते. “खराब निघालेली वस्तू दुकानदाराला बदलून द्यावीच लागते. बी.कॉम.ला आम्हाला ग्राहक संरक्षणाचा पेपर होता.”

“पेपर होता!” मधुभाऊ गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले. “मंग पास झाल्या असानच.”

“झाले. ग्राहक मंचात तक्रारही लिहिता येते मला.”

“लिहा ना. तारीख लागेपर्यंत हिवाळा येईन. मंग कूलर घेऊन काय कराल?”

यावर सगळेच हसले. मलाही हसू आलं असतं, पण कडेवरून उतरायला ईरा धडपडत होती आणि खाली फरशीवर, माझ्या पायाशी, तोच कूलर उभा होता.

“तुमच्या घरचं अर्थिंग खराब असन,” मधुभाऊ आता जरा नरमाईनं म्हणाले. “काकूंचं घर जुनं आहे. माल चांगला आहे माहा.”

“मग इथे लावून बघू. तुमचं अर्थिंग तर चांगलं असेल?”

त्यांनी नाइलाजानं वायर सॉकेटमध्ये घातली. मी पर्समधून टेस्टर काढला. निशांतचा होता. पत्र्याला टेकवला तर आत लालसर दिवा पेटला. गिऱ्हाइकं पुढे सरकली.

“एवढा तर येतेच,” मधुभाऊ म्हणाले, पण हे ते आता टेस्टरला सांगत होते.

“मधुभाऊ,” मी म्हटलं, “चप्पल काढा आणि हात लावा.”

“काय?”

“माझ्या मुलीला चप्पल नाही. तुमचीही काढा. कूलर चांगला आहे ना? हात लावा. मी रिक्षा परत पाठवते आणि माफी मागून घरी जाते.”

मग ती मघाशी हसलेली बाई म्हणाली, “काढा ना भाऊ! नवरदेवासारखे काय लाजता? मेहुणी नाही पळवत चप्पल!”

पुन्हा हशा पिकला. मधुभाऊ हसले नाहीत. त्यांनी उजव्या पायाची चप्पल काढली. अंगठा फरशीला टेकवला. कूलरकडे बघितलं, माझ्या कडेवरच्या ईराकडे बघितलं. मग अंगठा उचलला आणि पाय हळूच परत चपलेत सरकवला.

मी तेव्हाच बटण बंद केलं. आणखी थोडं थांबले असते तर कदाचित त्यांनी लावलाही असता हात, गिऱ्हाइकांसमोर.

“हळदकुंकू लावलेली वस्तू आहे, ताई,” ते खालच्या आवाजात म्हणाले. हा त्यांचा शेवटचा मुद्दा होता, आणि बोलताना तो त्यांना खरोखर लागला होता. “पूजा केलेला माल मी परत घेतला तर दुसऱ्याले कसा विकू? कोणाची लक्ष्मी कोणाले विकता येत नाही.”

“तो तुमचा प्रश्न आहे.”

असं म्हटलं मी. बरोबरच होतं ते.

तेवढ्यात पडदा सरकला आणि एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल. डोक्याला, कानांवरून घट्ट रुमाल बांधलेला, आणि रुमालाखालून घाम कानशिलांवर ओघळत होता. बाळंतीण. आत कुठेतरी तान्हं बाळ रडत होतं, बारीक, मांजरीच्या पिलासारखं.

“रोहिणी, तू काऊन आली? आईले पाठवायचं,” मधुभाऊ म्हणाले.

“आई बाळाले घेऊन बसली.” तिनं कप माझ्यापुढे धरला, पण डोळे ईरावर. “किती महिन्यांची?”

“दहा. तुझं?”

“महिना झाला. मुलगा आहे.” ती ईराच्या पावलाला हलकेच बोट लावून म्हणाली, “ही किती गार आहे हो! आमच्या याचं अंग सदा तापलेलं. पत्र्याची खोली आहे मागची. पण सव्वा महिना होईपर्यंत वारा लागू द्यायचा नाही म्हणते आई.” मग तिनं कूलरकडे मान केली. “याची हवा कशी आहे?”

“हवा छान आहे,” मी म्हटलं.

खरंच छान होती.

मधुभाऊंनी मला फायबरचा, अंगाला पत्र्याचा तुकडाही नसलेला कूलर दिला. वरचा फरक मागितला नाही, फक्त म्हणाले, “बाहेर बोंबलू नका, नाहीतर उद्या अख्खी गल्ली चपला काढून येईन.” मी पक्कं बिल मागितलं, तेही दिलं. निघताना मी विचारलं, “याचं काय करणार?”

“त्याचं आम्ही पाहून घेऊ, ताई. तुमचं काम झालं ना?”

माझं काम झालं होतं.

निशांतनं त्या रात्री आइस्क्रीम आणलं. बँकेत त्यानं ही चपलेची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. काकू मात्र नव्या कूलरवर नाराज होत्या. गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांचं कुंकू बसेना. स्वस्तिक काढलं की ओघळायचं. शेवटी त्यांनी एक टिकली आणून चिकटवली आणि म्हणाल्या, “राह्य बाप्पा असाच.”

त्यानंतर काही दिवसांनी, ऊन तापायच्या आत, आम्ही गच्चीवर मुंगवड्या घालत होतो. म्हणजे काकू घालत होत्या आणि मी ईराला पिठापासून दूर ठेवत होते. बोलता बोलता मधुभाऊंचा विषय निघाला.

“तू त्याले लय बोलली म्हणते,” काकू म्हणाल्या.

“बोलायलाच हवं होतं.”

“हो, बोलली ते बरंच केलं. पण मधू तसा खराब माणूस नाही. त्याच्या घरी जाऊन पाह्य कधी. एक वस्तू धड सापडनार नाही. मिक्सर कोनी परत केलेला, पंखा कोनी परत केलेला. त्याची बायको म्हणते, मले नवीन वस्तूचा वास ठाऊक नाही.” काकू हसल्या आणि बोटानं वडी तोडून कापडावर टाकली. “परत आलेलं दुसऱ्याच्या गळ्यात नाही बांधत तो. त्यात कुंकू लावलेलं असलं तर शिवनारच नाही. पाप लागते म्हणते. घरीच वापरते मुकाट्यानं.”

माझा हात ईराच्या दंडावर होता, तो तिथेच राहिला.

“काकू, त्यांच्या मुलीचा सव्वा महिना कधी होतोय?”

“रोहिणीचा? झाला की परवा. ओटी भरून आली ना मी. बरं झालं बाई, त्या पत्र्याच्या खोलीत माय-लेकरं उकडून निघाले होते. मधूनं आता कूलर लावून देल्ला…”

काकू थांबल्या. वडीचं पीठ त्यांच्या बोटांवरून ओघळून कापडावर पडलं.

“माह्या हातचं कुंकू होतं त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “मी पाह्यलं. पाहून बरं वाटलं मले.”

मी ईराला तशीच कडेवर मारली. चप्पल पायात होती की नाही कुणास ठाऊक. मधुभाऊंचा फोन नंबर बिलावर होता आणि बिल कपाटात होतं, पण ते मला रिक्षात बसल्यावर सुचलं. रिक्षावाला म्हणाला, “ताई, दवाखान्यात का?” मी म्हटलं, “नाही. कूलरच्या दुकानात.” त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रिक्षा सावकाशच चालवली.

दुकान अजून उघडलं नव्हतं. मी बोळातून मागच्या दाराकडे गेले. दार सताड उघडं. आतून ओवा-शेपाच्या धुरीचा आणि ओल्या जमिनीचा वास येत होता. बाळाची आणि आईची अंघोळ नुकतीच आटोपली असावी. न्हाणीघरापासून खोलीभर ओली पावलं उमटली होती. आणि खिडकीत तो, निळा, घरघर वारा सोडत. डाव्या अंगाला काकूंचं स्वस्तिक, जरा फिकं झालेलं. त्याच्या डोक्यावर बाळाचे ओले लंगोट वाळत घातले होते.

रोहिणी अनवाणी होती. केस मोकळे, रुमाल आता सुटलेला. बाळाला तिनं लोखंडी पाळण्यात ठेवलं होतं आणि त्याला वारा लागावा म्हणून ती पाळणा ओढत कूलरकडे नेत होती. पाळण्याचा दांडा आणि कूलरचा पत्रा यांत बोटभर अंतर राहिलं होतं.

“थांब!”

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की ईरा रडायला लागली, मग पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. रोहिणी दचकून दोन पावलं मागे आली, पाळण्यासकट. मी भिंतीवरचं बटण खाली केलं. घरघर थांबली. टाकीत पाणी ठिबकत राहिलं.

“ताई? तुम्ही? काय झालं?”

आतून तिची आई आली, दाढीला साबण लावलेले मधुभाऊ आले. मी कूलरकडे नुसतं बोट केलं.

“अहो, दुरुस्त केला मी तो,” मधुभाऊ म्हणाले. “पंप नवा टाकला. टाकल्यावर स्वतः हात लावून पाह्यला.”

“चप्पल घालून?”

त्यांनी खाली बघितलं. पायात चप्पल होती. घरातली, रबराची. त्यांच्या बायकोच्या पायातही होती. त्या घरात अनवाणी फक्त बाळंतीण होती, कारण आताच न्हाऊन आली होती.

मधुभाऊंनी तोंडावरचा साबण खांद्यावरच्या पंचानं पुसला. दुकानातून टेस्टर आणला. बटण सुरू करून पत्र्याला टेकवला. दिवा पेटला. त्यांनी टेस्टर उचलला, पुन्हा टेकवला. दुसऱ्या बाजूला टेकवला. स्वस्तिकाच्या खाली टेकवला. मग बटण बंद करून, वायर सॉकेटमधून उपटून, ती हातात तशीच धरून ते पाळण्याच्या पायाशी खाली बसले.

“आतली वायर पत्र्याले घासत असन,” ते म्हणाले. “मी पंपच पाह्यला.”

रोहिणीनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं होतं. ती आपल्या उजव्या हाताची बोटं उघडमीट करत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मले काल संध्याकाळपासून मुंग्या येत होत्या. लंगोट काढायले गेली की येत. मले वाटलं, बाळंतपणाची कमजोरी आहे.”

“कोणाला सांगितलंस का?” मी विचारलं.

“आईले सांगितलं.”

तिच्या आईनं पदर तोंडाशी नेला. “मी म्हटलं वात असन,” ती म्हणाली. “शेपा वाढवून देल्ल्या.”

मधुभाऊ उठले. त्यांनी दोन्ही चपला काढून कोपऱ्यात फेकल्या, रागानं, जणू सगळं त्या चपलांनीच केलं होतं. मग मुलीजवळ गेले आणि तिचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून, लहान पोरीचा चोळावा तसा चोळत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “विकता येत नव्हता, ताई. कुंकू होतं. म्हणून घरी आणला.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

त्यांच्या बायकोनं दोन्ही पोरांना आमच्याकडून घेतलं आणि मला बसायला पाट दिला. चहा आला. रोहिणी माझ्या शेजारी टेकली. जरा वेळानं ती हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही म्हटल्या होत्या, हवा छान आहे.”

“हो.”

“खरंच छान होती.” आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग मीही.

त्या दुपारी मधुभाऊंनी दुकान उघडलं नाही. कूलर पार सुटा केला. वायर खरंच घासलेली होती, आतलं तांबं नखाएवढं उघडं पडलेलं. पुढच्या दिवसांत ते आधी विकलेले कूलर बघायला गल्लीगल्लीत फिरले, खांद्याला पिशवी, पिशवीत टेस्टर. लोक म्हणायचे, भाऊ, थोडा तर येतेच. ते म्हणायचे, “चप्पल काढ अन् मंग बोल.” काकूंचा खालचा जुना कूलरही त्यांनीच नीट केला. त्याला काय नव्हतं म्हणता, सगळं होतं. काकू सोळा उन्हाळे चप्पल घालून त्याला पाणी घालत आल्या होत्या.

आता ईरा तिसरीत आहे. रोहिणीचा वेदांत दुसरीत. सुट्टीत तो आजोळी येतो, तेव्हा दोघं आमच्या गच्चीवर काकूंच्या मुंगवड्या कच्च्याच खातात. ती पाटी अजून दुकानात आहे. मधुभाऊ म्हणतात, रंगवायचे पैसे गेले आहेत, राहू द्या. पण माल बदलून देतात, आणि परत आलेला कूलर आधी उघडतात.

तुम्हीही कधीतरी एखादी वस्तू परत केली असेल. झटका देणारी इस्त्री, जळका वास मारणारा मिक्सर. चांगलं केलंत. दुकानदार चिडला तरी सोडू नका, वस्तू खराब असेल तर बदलून घेणं तुमचा हक्कच आहे. पण बदलून आणलेली पिशवी घरी ठेवलीत की एकदा परत त्या बाजूला जा. दुकानामागे पडदा असेल तर पडद्यामागे कोण राहतं ते बघा. कोणी सून असेल, म्हातारी असेल, न्हाऊन आलेली बाळंतीण असेल. तिला सहज विचारा, घरात नवीन काय आणलं. आणि निघताना एवढं नक्की विचारा, की बाई, तुझ्या हाताला मुंग्या येतात का?